न वाचता येणारी संहिता : लिनक्स आणि दोन ग्राफिक्स कार्डांचे लॅपटॉप

मराठी विभागात 'संहिता' हा शब्द आपण दिवसातून अनेकदा उच्चारतो. नाटकाची संहिता, संहितेची चिकित्सा, संहितानिष्ठ समीक्षा. संगणकाच्या क्षेत्रातील 'सोर्स कोड'साठीही काही मंडळी मराठीत हाच शब्द योजतात. ही योजना मला केवळ भाषांतराची सोय वाटत नाही. आज्ञावली ही माणसांनी लिहिलेली, माणसांना वाचता येणारी रचना असते. तिला लेखक असतात, पाठभेद असतात, आवृत्त्या असतात आणि प्रक्षेपही असतात. ती वाचकांपासून दडवून ठेवली तर काय होते, ह्याचे एक अत्यंत बोलके उदाहरण गेल्या पंधरा-सोळा वर्षांत लिनक्सच्या जगात घडले. दोन ग्राफिक्स कार्डे असलेले लॅपटॉप लिनक्सवर नीट चालवण्याची धडपड, हे ते उदाहरण. विषय वरवर पाहता आपल्या अंगणातला नाही. परंतु त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न, म्हणजे संहिता वाचण्याचा अधिकार कोणाचा, हा आपलाच प्रश्न आहे, असे माझे मत आहे. ते मांडण्यासाठी आधी यंत्राची थोडी ओळख करून घेणे भाग आहे.

१. एका लॅपटॉपमध्ये दोन चित्रकार

संगणकाच्या पडद्यावर जे जे दिसते ते रेखाटण्याचे काम ग्राफिक्स कार्ड करते. बहुतेक लॅपटॉपमध्ये हे काम मुख्य प्रोसेसरच्या पोटातच असलेला एक छोटा भाग करतो. तो वीज कमी खातो, तापत नाही आणि अक्षरे, छायाचित्रे, चित्रफिती दाखवण्यास पुरेसा असतो. खेळ, त्रिमितीय आराखडे किंवा जड गणिती कामे ह्यांसाठी मात्र काही लॅपटॉपमध्ये एक दुसरे, स्वतंत्र आणि ताकदवान कार्ड बसवलेले असते. ते वेगवान असते, पण बॅटरी झपाट्याने संपवते आणि यंत्र तापवते. तेव्हा हलक्या कामाला लहान कार्ड आणि जड कामाला मोठे, अशी वाटणी करावी, हा विचार स्वाभाविक होता.

आरंभीच्या काळात ही अदलाबदल सरळसोट होती. २००६ च्या सुमारास आलेल्या सोनीच्या काही लॅपटॉपवर चक्क एक बटण होते. ते सरकवायचे आणि संगणक बंद करून पुन्हा सुरू करायचा. ॲपलच्या २००८ च्या मॅकबुक प्रोमध्ये लॉग-आउट करून कार्ड बदलता येई. ह्या रचनेत पडद्याकडे जाणारी वाट एका विद्युत सांध्यातून जात असे. रेल्वेचा सांधा बदलला की गाडी दुसऱ्या रुळावर जाते, तसा पडदा ह्या नाहीतर त्या कार्डाला जोडला जाई.

फेब्रुवारी २०१० मध्ये एनव्हिडिया कंपनीने 'ऑप्टिमस' नावाचे तंत्र जाहीर केले आणि हा सांधाच काढून टाकला. नव्या रचनेत लॅपटॉपचा पडदा कायम लहान कार्डालाच जोडलेला असतो. मोठे कार्ड गरजेपुरते जागे होते, चित्र रेखाटते, तयार चित्र लहान कार्डाच्या स्मृतीत नेऊन ठेवते आणि काम संपले की झोपी जाते. पडद्यावर ते चित्र दाखवते लहान कार्डच. दुसऱ्याच्या नावावर पुस्तके लिहून देणाऱ्या लेखकासारखी ही स्थिती आहे: मजकूर एकाचा, मुखपृष्ठावरचे नाव दुसऱ्याचे. रचना कल्पक होती, ह्यात शंका नाही. विंडोजवर वापरणाऱ्याला काही न कळता ती चालत असे. लिनक्सवर मात्र तिने वर्षानुवर्षे लोकांना छळले.

२. लिनक्सची अडचण कशात होती

ह्याची दोन कारणे होती आणि ती वेगळी ठेवून पाहिली पाहिजेत.

पहिले कारण लिनक्सच्या स्वतःच्या घडणीतले. लिनक्सवर पडदा सांभाळणारी 'एक्स' ही प्रणाली १९८४ मध्ये जन्मलेली. एका चित्राचे काम दोन कार्डांनी वाटून घ्यायचे, एकाने काढायचे आणि दुसऱ्याने दाखवायचे, ही कल्पना तिच्या गावीही नव्हती. त्यातच ओपनजीएल ह्या चित्रांकन-भाषेसाठी लागणारी फाइल दोन्ही बाजूंच्या ड्रायव्हरांत एकाच नावाची असे. एनव्हिडियाचा ड्रायव्हर स्थापन केला की तो आपली फाइल त्या जागी ठेवी आणि मुक्त ड्रायव्हरची फाइल बाजूला सारली जाई. एकाच टोपणनावाने दोघांनी लिहावे आणि ग्रंथपालाने एकाचीच पुस्तके कपाटात ठेवावीत, तसा हा प्रकार.

दुसरे कारण अधिक मूलभूत. लहान कार्ड बहुधा इंटेलचे असे आणि त्याच्या ड्रायव्हरची संहिता खुली होती. मोठे कार्ड एनव्हिडियाचे. त्याच्या ड्रायव्हरची संहिता बंद. दोन कार्डांनी परस्परांशी बोलायचे, तर दोन्हींची भाषा जाणणारा कोणीतरी मध्ये हवा. इथे एका बाजूची भाषा फक्त कंपनीला ठाऊक होती आणि ऑप्टिमस लिनक्सवर चालवण्यात त्या काळी कंपनीला रस नव्हता.

परिणाम काय होत असे? लॅपटॉप विकत घेऊन त्यावर लिनक्स स्थापन केले की कधी पडदा काळा राही. कधी सारे ठीक दिसे, परंतु वापरात नसलेले मोठे कार्ड आतल्या आत जागेच राहून वीज खात असे. पंखा सतत घोंघावे आणि बॅटरी निम्म्या वेळात संपे. काही लॅपटॉपमध्ये बाहेरच्या पडद्यासाठीची एचडीएमआय जोडणी केवळ मोठ्या कार्डाला जोडलेली असते. अशा यंत्रावर मोठे कार्ड बंद ठेवले तर प्रोजेक्टरच चालत नाही. वर्गात कविता पडद्यावर दाखवू पाहणाऱ्या शिक्षकाला ही अडचण खेळाडूपेक्षाही अधिक जाचक वाटते. त्याला मोठ्या कार्डाची ताकद नकोच असते, फक्त त्याची खिडकी हवी असते.

२०१० मध्ये रेड हॅट कंपनीतील डेव्ह एअरली ह्यांनी लिहिलेली 'व्हीजीए स्विचरू' ही सोय लिनक्सच्या २.६.३४ ह्या कर्नलमध्ये आली. तिने जुन्या, सांधा असलेल्या लॅपटॉपांचा प्रश्न बराचसा सोडवला. ऑप्टिमसमध्ये सांधाच नसल्यामुळे तेथे हा उपाय अपुरा होता.

३. बम्बलबी आणि एका मोकळ्या जागेची गोष्ट

२०११ मध्ये हौशी मंडळींनी स्वतःच एक तोडगा काढला. त्याचे नाव 'बम्बलबी'. ऑप्टिमस प्राइम हा 'ट्रान्सफॉर्मर्स'मधील यंत्रमानवांचा नायक आणि बम्बलबी हा त्याचा छोटा साथीदार. नावातील विनोद उघड आहे. तोडगाही साथीदारालाच शोभेसा होता. मोठ्या कार्डासाठी पडद्याआड एक दुसरा, कोणालाही न दिसणारा एक्स चालवायचा. एखादा जड कार्यक्रम 'ऑप्टिरन' ह्या आज्ञेने सुरू केला की त्याचे चित्र त्या अदृश्य पडद्यावर तयार होई आणि तेथून उचलून खऱ्या पडद्यावर आणून ठेवले जाई. ह्या ने-आणीत वेग थोडा कमी होई. परंतु मोठे कार्ड एरवी बंद ठेवता येऊ लागले, हीच मोठी गोष्ट होती.

कार्ड बंद करण्याची रीतही प्रत्येक लॅपटॉपमध्ये निराळी होती. ती उकलण्यासाठी वापरणाऱ्यांनी आपापल्या यंत्रांतील तांत्रिक तक्ते काढून पाठवले आणि त्यांची तुलना करून नियम शोधले गेले. बोलीभाषांच्या कोशासाठी गावोगावचे शब्द गोळा करतात, तसेच हे काम. त्यामागे कोणताही पगार नव्हता.

ह्याच प्रकल्पात २०११ मध्ये घडलेली एक घटना पाठचिकित्सा शिकवणाऱ्या प्रत्येकाने विद्यार्थ्यांना सांगावी अशी आहे. बम्बलबीच्या स्थापनेच्या आज्ञावलीत एक जुनी फाइल पुसून टाकण्याची ओळ होती. त्या फाइलचा पत्ता 'यूएसआर' ह्या निर्देशिकेपासून सुरू होत होता. लिहिणाऱ्याच्या हातून ह्या नावानंतर एक मोकळी जागा पडली. संगणकाने त्या एका पत्त्याचे दोन पत्ते मानले आणि पहिला पत्ता होता नुसता 'यूएसआर'. ह्या निर्देशिकेत लिनक्सचे बहुतेक सारे कार्यक्रम नांदत असतात. ज्यांनी ती आवृत्ती चालवली, त्यांच्या संगणकावरील ती अख्खी निर्देशिका पुसली गेली.

आपल्या जुन्या पोथ्यांत शब्द तोडून लिहिण्याची पद्धत नव्हती. पदच्छेद संपादकाने करायचा. तो चुकीच्या जागी केला की ओवीचा अर्थ पालटतो आणि त्यावर विद्वानांत वाद झडतात. एका मोकळ्या जागेने अर्थ पालटतो, हे आपल्याला नवे नाही. पालटलेल्या अर्थाने घर रिकामे व्हावे, हे मात्र नवे होते. ह्या घटनेवर त्या काळी जगभर हसे झाले. माझ्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते त्यानंतरचे. संहिता खुली असल्यामुळे नेमकी ओळ कोणती, नेमकी जागा कोणती, हे वाचकांनी बोट ठेवून दाखवले. चूक दुरुस्त झाली. आधीचा पाठ आणि नंतरचा पाठ दोन्ही जतन झाले आणि आजही कोणालाही पाहता येतात. बंद संहितेतही अशा चुका असतात. फरक एवढाच की त्या तेथे आहेत हे आपल्याला परिणामांवरून तर्काने ओळखावे लागते.

४. शिवी आणि नकार

जून २०१२ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स फिनलंडमधील आल्टो विद्यापीठात व्याख्यानासाठी आले होते. श्रोत्यांतील एका स्त्रीने त्यांना आपल्या ऑप्टिमस-लॅपटॉपची व्यथा सांगितली आणि उपाय विचारला. टोरवाल्ड्स ह्यांनी एनव्हिडिया ही आजवर अनुभवास आलेली सर्वांत वाईट कंपनी असल्याचे सांगून कॅमेऱ्याकडे पाहत मधले बोट दाखवले आणि शिवी हासडली. ते दृश्य जगभर गाजले. आजही ह्या विषयाची चर्चा निघाली की बहुतेकांना तेवढेच आठवते.

शिवी ही भाषेतील एक प्रभावी कृती आहे, हे भाषेच्या अभ्यासकाला सांगायला नको. परंतु ह्या प्रकरणात त्या शिवीपेक्षा तिच्यानंतर काही महिन्यांनी आलेला एक नकार मला अधिक विचारार्ह वाटतो. २०१२ च्या आरंभी लिनक्सच्या ३.३ कर्नलमध्ये 'डीएमए-बफ' नावाची एक रचना आली होती. लिनारो संस्थेतील सुमित सेमवाल ह्यांचा तीत मोठा वाटा होता. एका यंत्रभागाने तयार केलेला मजकूर दुसऱ्याला न लिहून काढता थेट वापरता यावा, हा तिचा हेतू. ऑप्टिमससाठी नेमके हेच हवे होते. डेव्ह एअरली ह्यांनी तिच्यावर आधारलेली 'प्राइम' ही व्यवस्था उभी केली. एनव्हिडियाचे अभियंतेही आता पुढे आले आणि आपल्या बंद ड्रायव्हरला ही रचना वापरू द्यावी, अशी विनंती त्यांनी केली.

येथे परवान्याचा पेच होता. लिनक्सचा परवाना जीपीएल; त्याच्या संहितेवरून घडवलेली 'साधित' कृतीही खुलीच असली पाहिजे, असे तो सांगतो. डीएमए-बफची दारे 'फक्त जीपीएलसाठी' अशी पाटी लावून ठेवलेली होती. ही पाटी काढावी, असा एनव्हिडियाचा प्रस्ताव. कर्नलचे जुने लेखक ॲलन कॉक्स ह्यांनी त्यास ठाम नकार दिला. आपण लिहिलेली संहिता बंद कृतीचा पाया म्हणून वापरण्यास आपण संमती दिलेली नाही, अशी त्यांची भूमिका होती.

अनुवाद आणि रूपांतर ह्यांच्या हक्कांविषयी जे वाद आपल्याला परिचित आहेत, त्यांच्याशी हा वाद किती जवळचा आहे, हे लक्षात यावे. मूळ कृतीवर बेतलेली कृती स्वतंत्र कोठपर्यंत आणि साधित कोठून पुढे? हजारो लेखकांनी मिळून लिहिलेल्या ग्रंथात एका लेखकाला नकाराधिकार असावा का? कॉक्स ह्यांच्या नकारामुळे त्या क्षणी सामान्य वापरणाऱ्याचा लॅपटॉप तापतच राहिला, हे खरे आहे, आणि मुक्त आज्ञावलीच्या कैवाऱ्यांनी ते प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. तत्त्वाची किंमत अनेकदा तत्त्व सांगणाऱ्याला नव्हे, तर तिसऱ्याच कोणालातरी मोजावी लागते.

तरीही तो नकार योग्य होता, असे मला वाटते. लेखकांनी आपले लेखन ज्या अटीवर समाजाला दिले, ती अट गैरसोयीची ठरताच बाजूला ठेवायची असेल, तर पुढच्या लेखकाने कोणत्या विश्वासावर लिहावे? शिवाय नकारामुळे वाट बंद झाली नाही, ती लांबली.

५. लांबची वाट

एनव्हिडियाने २०१३ मध्ये ३१९ क्रमांकाच्या ड्रायव्हरमध्ये एक मध्यममार्ग दिला. त्यात सारा पडदा मोठे कार्डच रेखाटे आणि लहान कार्ड फक्त दाखवी. काम होई, पण बॅटरीचा प्रश्न तसाच राही. उबुंटूने त्याच सुमारास 'प्राइम-सिलेक्ट' ही सोय आणली. कार्ड निवडायचे आणि लॉग-आउट करून परत यायचे. म्हणजे २०१० च्या 'आपोआप' तंत्रासाठी लिनक्सचा वापरकर्ता २००८ च्या रीतीवर येऊन पोचला होता!

एकाच नावाच्या दोन फाइलींचा झगडा मिटवण्यासाठी 'जीएलव्हीएनडी' नावाची एक तटस्थ मध्यस्थ रचना झाली. कोणता कार्यक्रम कोणाच्या ड्रायव्हरकडे पाठवायचा, हे ती ठरवते आणि दोघांनाही आपापल्या जागी नांदू देते. तिच्यासाठी पुढाकार एनव्हिडियाच्याच अभियंत्यांनी घेतला होता, हेही न्याय म्हणून नोंदवले पाहिजे. ऑगस्ट २०१९ मध्ये ४३५ क्रमांकाच्या ड्रायव्हरमध्ये खरे वाटप आले: एरवी सारे काम लहान कार्ड करील आणि सांगितलेला कार्यक्रम तेवढा मोठ्या कार्डावर चालेल. ऑप्टिमस जाहीर झाल्यापासून ह्याला साडेनऊ वर्षे लागली. आता ग्नोममध्ये चिन्हावर उजवे बटण दाबून कार्यक्रम स्वतंत्र कार्डावर सुरू करता येतो आणि नव्या यंत्रांवर बहुतेक वेळा ते विनासायास घडते.

मे २०२२ मध्ये एनव्हिडियाने आपल्या ड्रायव्हरचा कर्नलमध्ये चालणारा भाग एमआयटी आणि जीपीएल अशा दुहेरी परवान्याखाली खुला केला. २०२४ पासून नव्या पिढीच्या कार्डांसाठी तोच भाग प्रमाण मानला जाऊ लागला. ह्या घटनेचे स्वागत करताना दोन गोष्टी विसरता येत नाहीत. पहिली, हा खुलेपणा ट्युरिंग, म्हणजे २०१८ ची पिढी, आणि तिच्या पुढच्या कार्डांपुरता आहे. दुसरी, कार्डाच्या आत चालणारे फर्मवेअर आणि चित्रांकनाचा मोठा भाग अजून बंदच आहे. प्रस्तावना छापली, ग्रंथ कुलपात ठेवला, असे म्हणणे थोडे कठोर होईल. पण पूर्ण ग्रंथ हाती आला, असेही म्हणता येत नाही.

६. मुद्रणबाह्य ग्रंथ आणि जुने लॅपटॉप

येथवरचा इतिहास वाचून कोणी म्हणेल की आता प्रश्न सुटला, मग हा उहापोह कशासाठी? माझ्या मते प्रश्नाचा सर्वांत महत्त्वाचा भाग आता सुरू होतो आहे.

विंडोज १० चे सर्वसाधारण समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ च्या अटींत न बसणारे असंख्य लॅपटॉप यंत्र म्हणून अजून धडधाकट आहेत. महाविद्यालयांच्या विभागांत, ग्रंथालयांत आणि विद्यार्थ्यांच्या घरांत ते आहेत. थोरल्या भावंडाने वापरून धाकट्याला दिलेले आहेत. अशा यंत्रांसाठी लिनक्स हा सर्वांत शहाणपणाचा पर्याय आहे. आणि ह्यांपैकी जी यंत्रे दोन कार्डांची आहेत, ती नेमकी त्या अडचणीच्या दशकातली आहेत.

त्यांच्या मोठ्या कार्डाची स्थिती काय? फर्मी पिढीच्या कार्डांना चालवणारी ३९० क्रमांकाची मालिका २०२२ च्या अखेरीस बंद झाली. केप्लर पिढीची ४७० ही मालिका २०२४ मध्ये थांबली. मॅक्सवेल, पास्कल आणि व्होल्टा ह्या पिढ्यांना चालवणारी शेवटची मालिका ५८० असेल, असे कंपनीने २०२५ मध्ये जाहीर केले. लिनक्सचे कर्नल मात्र पुढे सरकत राहते आणि सोडून दिलेला ड्रायव्हर लवकरच त्याच्याशी जुळेनासा होतो.

ह्याला आपल्या परिभाषेत एक नेमका शब्द आहे: मुद्रणबाह्य. प्रकाशक पुस्तक पुन्हा छापत नाही, आणि हक्क त्याच्याकडे असल्याने दुसऱ्या कोणाला छापूही देत नाही. पुस्तकाचे निदान ग्रंथालयातले प्रत तरी उरते. बंद ड्रायव्हर मुद्रणबाह्य झाला की त्याची जुनी प्रत नव्या कर्नलवर निकामी होते आणि दुरुस्त करायला संहिता कोणाकडेच नसते. कंपनीने जुन्या मालाला अनंतकाळ पोसावे, अशी अपेक्षा कोणी करू नये. तिचाही व्यवहार आहे. परंतु आपण सोडून देत असलेल्या यंत्राची माहिती तिने जाताना मोकळी करावी, ही अपेक्षा अवाजवी नाही.

अशा वेळी उपयोगी पडतो तो 'नूवो' नावाचा मुक्त ड्रायव्हर. कंपनीचे दस्तऐवज हाती नसताना, कार्डाला कोणते संदेश गेले आणि त्याने काय उत्तर दिले, हे निरखून स्वयंसेवकांनी २००५ पासून तो रचत आणला. अज्ञात लिपीतील शिलालेख लावण्यासारखेच हे काम. २०१० मध्ये तो कर्नलमध्ये आला. २०१३ पासून ऑप्टिमस-लॅपटॉपमधील न लागणारे कार्ड तो आपोआप झोपवू लागला. त्याचा वेग कंपनीच्या ड्रायव्हरच्या पासंगालाही पुरत नाही, असा आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो पुष्कळ अंशी खरा आहे. परंतु त्याचे एक कारण ध्यानात घ्यावे. २०१४ मध्ये आलेल्या पिढीपासून कार्डाचा वेग वाढवण्यासाठी कंपनीच्या अंकीय स्वाक्षरीचे फर्मवेअर आवश्यक झाले. म्हणजे शिलालेख वाचता आला तरी त्याप्रमाणे वागण्याची मुभा उरली नाही. ही मर्यादा वाचकाच्या अज्ञानाची नव्हे, तर त्याच्यावर घातलेल्या बंदीची आहे.

आणि तरीही, फर्मी-केप्लर काळातील लॅपटॉप आज एखाद्या नव्या लिनक्सवर सुरू होतो, मोठे कार्ड शांत झोपते, बॅटरी टिकते, तेव्हा ते नूवोमुळे. वेगवान होता तो मुद्रणबाह्य झाला. हळू होता, पण वाचता येत होता, तो टिकला.

मराठीने ह्याच जातीचा अनुभव दुसऱ्या क्षेत्रात घेतला आहे. १९९० नंतरच्या काळात मराठी मुद्रणासाठी अनेक व्यापारी फाँट आले आणि प्रत्येकाची अक्षरमांडणी निराळी व खासगी होती. त्या फाँटांत टंकलेले प्रबंध, दिवाळी अंकांचे मजकूर, कोशांच्या नोंदी आज उघडल्या तर फाँटाअभावी रोमन चिन्हांचा निरर्थक ढीग दिसतो. युनिकोड ही सर्वांना वाचता येणारी, सर्वांनी मान्य केलेली मांडणी आल्यावरच मराठी मजकूर एका यंत्रावरून दुसऱ्यावर निर्धास्तपणे जाऊ लागला. जीएलव्हीएनडी काय, प्राइम काय, किंवा युनिकोड काय, तिन्ही ठिकाणी उत्तर एकाच प्रकारचे आहे: दोन पक्षांमधला दुवा कोणा एकाच्या मालकीचा नसावा.

७. मग करावे काय?

मत मांडून थांबणे हा आपल्या क्षेत्राचा जुना दोष. म्हणून काही गोष्टी रोकडेपणाने सांगतो.

मराठी किंवा कोणत्याही मानव्यविद्या विभागासाठी लॅपटॉप घेताना दुसरे ग्राफिक्स कार्ड मुळात लागतच नाही. लेखन, वाचन, प्रोजेक्टर, ध्वनिमुद्रणे ह्या सर्वांना लहान कार्ड पुरते. मागणीपत्रात तसे स्पष्ट लिहावे. यंत्र स्वस्त पडते आणि दीर्घकाळ टिकते. दोन कार्डे हवीच असतील तर दोन्हींचे ड्रायव्हर कर्नलमध्ये खुल्या स्वरूपात आहेत का, हे विचारावे. एएमडीने २००७ पासून आपल्या कार्डांचे दस्तऐवज प्रसिद्ध करायला सुरुवात केली. त्यामुळे दोन्ही कार्डे एएमडीची असलेल्या लॅपटॉपवर हा झगडा बराच सौम्य आहे.

दोन कार्डांचा जुना लॅपटॉप हाती असेल तर तो मोडीत काढण्यापूर्वी लिनक्स पेनड्राइव्हवरून चालवून पाहावे. पडदा दिसतो का, बॅटरी किती टिकते, पंखा शांत होतो का, आणि विशेषतः प्रोजेक्टर जोडल्यावर चित्र येते का, ह्या चार गोष्टी पुरेशा आहेत. कार्ड ट्युरिंग किंवा त्यापुढचे असेल तर कंपनीचा खुला कर्नलभाग वापरावा. फर्मी-केप्लर काळातले असेल तर नूवोवर समाधान मानावे. मधल्या पिढ्यांसाठी ५८० ही मालिका चालते आहे तोवर वापरावी, आणि ती थांबेल तेव्हा लहान कार्डावर राहण्याची तयारी ठेवावी. इंटरनेटवर सापडलेली एखादी जुनी आज्ञावली मात्र न वाचता चालवू नये. एका मोकळ्या जागेचे मोल किती असू शकते, ते वर आलेच आहे.

शेवटची सूचना अभ्यासक्रमाविषयी. पाठचिकित्सेच्या तासाला आपण पोथ्यांचे पाठभेद शिकवतो, आणि ते शिकवलेच पाहिजे. त्याबरोबर एखाद्या खुल्या आज्ञावलीचा इतिहास, त्यातील एक बदल, त्या बदलावर झालेला वाद, आणि तो कोणी कोणत्या कारणाने स्वीकारला अथवा नाकारला, हेही विद्यार्थ्यांपुढे ठेवता येईल. डीएमए-बफवरचा वाद आजही शब्दशः उपलब्ध आहे. कर्तृत्व, साधित कृती, लेखकाचा हक्क आणि वाचकाचा हक्क ह्या संकल्पनांचा इतका जिवंत पाठ आपल्याला सहजी मिळणार नाही. तो समजण्यासाठी अभियंता असण्याची गरज नाही. संहिता लक्षपूर्वक वाचण्याची सवय हवी, आणि ती लावणे हेच तर आपले काम आहे.